बाहाच्या पाठीवरची मेंदी

रबात, ६ फेब्रुवारी १९९४

लल्ला तूदा,

सलाम. इज्जामावशीच्या गुडघ्याला उतार पडला का? बसच्या ड्रायव्हरबरोबर मलम पाठवलं होतं, ते पोचल्याचं तू कळवलं नाहीस. नादिया आणि मुलं मजेत आहेत. तिकडे खिंडीत अजून बर्फ असेल.

एक बातमी आहे. कॅसाब्लांकाची एक सिनेमा कंपनी एप्रिलमध्ये आपल्याकडे येतेय. फ्रेंचांशी झालेल्या १९३३च्या आपल्या लढाईवर मोठा ऐतिहासिक सिनेमा काढतायत. सरकारी टीव्हीचा पैसा आहे, घोडे आहेत, तोफा आहेत. शूटिंग खऱ्या खिंडीतच होईल, झऱ्यापाशी. दिग्दर्शक शकीब साहेब माझ्या ओळखीचे आहेत, पॅरिसला शिकलेला सभ्य माणूस. गर्दीच्या कामाला त्यांना गावातलीच माणसं हवीत, त्यातही बायका जास्त. शाळेच्या बाईंनी शब्द टाकला की निम्मं गाव तयार होतं, हे मला माहीत आहे. जरा बोलून ठेवशील?

साठ वर्षं आपल्या लढाईचं नाव कोणी काढलं नाही. तू जे इतिहासाचं पुस्तक शिकवतेस त्यात तिच्यावर चार ओळीसुद्धा नाहीत. आता सगळा देश बघेल. मला वाटतं मावशीला बरं वाटेल.

तुझा
हद्दू

*

आयत उझरू, २७ फेब्रुवारी १९९४

हद्दू,

मलम पोचलं. आई म्हणते वास छान आहे, गुडघा होता तसाच आहे.

तू मला ‘लल्ला’ म्हणालास की मला धास्ती वाटते. मी तुझ्याहून मोठी आहे हे तुला एरवी आठवत नाही. तुझी आई गेली तेव्हापासून तू माझ्या आईच्या मांडीवर वाढलास, आपण एका ताटात कुसकुस खाल्लं. तू मला पहिल्यांदा लल्ला म्हणालास ते शेजारच्यांची अंडी चोरल्यावर. आता काय चोरलं आहेस ते सरळ सांग.

सिनेमा कोणावर आहे, ते तू लिहिलेलं नाहीस. त्यात आपली माणसं कुठली भाषा बोलणार, आपली की अरबी, तेही नाही. आणि या सगळ्यात तू कोण?

आठवतं का, कॉलेजात असताना त्या गळक्या खोलीत पुदिन्याच्या चहाची किटली मध्ये ठेवून आपण पुस्तकं वाचायचो? जर्मनीतून जीव घेऊन पळालेल्या त्या विचारवंतांची, फ्रेंचमधून. करमणुकीचा कारखाना कसा चालतो, राज्यकर्त्यांचं मत आपल्याला आपलंच कसं वाटायला लागतं. मला निम्मं कळायचं नाही. पण तू मांडीवर मूठ आपटून म्हणायचास, ‘ऐतिहासिक सिनेमात भूतकाळ शोधू नका. आज खुर्चीत कोण बसलंय ते शोधा.’ त्यावर तू पुढे प्रबंध लिहिलास, डॉक्टर झालास, आईने सगळ्या गावाला बदाम वाटले.

म्हणून विचारते. या सिनेमात खुर्ची कोणाची आहे?

तूदा

*

रबात, १३ मार्च १९९४

तूदा,

सरळ सांगतो. नायक काइद बाहा आहे. थांब, पत्र फाडू नकोस.

बाहाचा नातू मुलूद आता संसदेत आहे, हे तुला माहीत आहे. काही पैसा त्याचा आहे. तो नसता तर सिनेमाच निघाला नसता, आणि आपली लढाई आणखी साठ वर्षं गडप राहिली असती. बाहा सुरुवातीला आपल्या बाजूने लढला होता, हे खोटं नाही. सिनेमात तो शेवटी बायकामुलांचे जीव वाचवण्यासाठी फ्रेंचांशी तह करतो. ही एक मांडणी आहे. तू आणि मी ती मानत नाही, ठीक आहे. पण विचारसरणी म्हणजे काही अखंड दगड नसतो, तिला फटी असतात, आणि त्या फटीतून काम करावं लागतं. बाहेर उभं राहून शिव्या देणं सोपं आहे. या सिनेमात आपल्या बायका पहिल्यांदा दिसतील, पाणी वाहताना, काडतुसं पोचवताना, गाताना. ते मी घालून घेतलं आहे.

भाषा अरबीच आहे. टीव्हीचा तसा नियम आहे.

माझा संबंध फारसा नाही. काही टिपणं दिली आहेत, एवढंच.

नादियाची नोकरी सुटली आहे. माझ्या बढतीचा कागद खात्यात अडकलाय. तुरुंगात काढलेलं ते एक वर्ष अजून माझ्या फाइलला चिकटलेलं आहे. तुला राग आला की तू माणसाची बाजू बघत नाहीस.

हद्दू

*

आयत उझरू, २४ एप्रिल १९९४

हद्दू,

ते आले. ट्रक, जनरेटर, घोडे, लाकडी तोफा. त्यांच्याबरोबर तुझं नावही आलं. शकीब साहेबांनी शाळेच्या अंगणात गाव जमवलं आणि सांगितलं की सिनेमातला शब्द न् शब्द तुमच्याच डॉक्टर हद्दूंनी तपासलेला आहे, ते आमचे इतिहास सल्लागार आहेत. गावाने टाळ्या वाजवल्या. मी हात बांधून उभी राहिले. ‘काही टिपणं दिली आहेत, एवढंच.’ शाबास.

आता तुझ्या फटीतून काय बाहेर आलंय ते ऐक.

बाहा पांढऱ्या घोड्यावर येतो. त्याला तहान लागते. एक देखणी पोरगी पखाल घेऊन धावत येते आणि त्याला ओंजळीने पाणी पाजते. ती कॅसाब्लांकाची नटी आहे, हनुवटीवर गोंदण रंगाने काढलेलं, आणि पुस्तकातल्यासारखं अरबी बोलते. आपल्या डोंगरात १९३३ साली कोणत्या बाईला अरबीचा एक शब्द येत होता? पोरीचं नाव विचारलं तर म्हणाले, हेन्नू. डॉक्टरांच्या टिपणात आहे.

हेन्नू, हद्दू. माझ्या आईची थोरली बहीण. तुझ्या आईचीही थोरली बहीण.

तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण तू विसरलेला दिसतोस. बाहा कड्यावरची जागा सोडून पळाला. आपली आजी इतर बायकांसारखीच मेंदी घेऊन वाटेत उभी होती. लढाईतून जो पाठ फिरवेल त्याच्या पाठीवर मेंदी, ही आपली रीत. धुतली तरी जात नाही. तो डाग असलेल्या माणसाला कोणी घरात घेत नाही, मुलगी देत नाही, त्याच्याबरोबर भाकरी मोडत नाही. आजीने बाहाच्या पांढऱ्या डगल्यावर अख्खा पंजा उमटवला. भांडं आईच्या हातात होतं, ती तेव्हा बारा वर्षांची. बाहा तो पंजा पाठीवर घेऊन खाली फ्रेंचांच्या छावणीत गेला आणि त्यांना झऱ्याची वाट दाखवली. सकाळी तोफांची तोंडं झऱ्याकडे वळली. पाण्याला गेलेल्या बायका तिथेच पडल्या, हेन्नू पखालीसकट. फ्रेंचांनी बाहाला काइद केलं, आपल्या डोक्यावर बसवलेला त्यांचा मुखत्यार, आणि मानाचा लाल डगला दिला. लाल रंगावर मेंदी दिसत नाही.

ज्याने तिला मारलं त्याला तुम्ही तिच्याच ओंजळीने पाणी पाजलंत. आईने ते लांबून बघितलं. तिने घरी येऊन चूल पेटवली आणि चुलीसमोर बसून राहिली.

अजून आहे. पुढच्या महिन्यात मोठा प्रसंग आहे. बायका गात गात बाहाच्या पाठीवर मेंदीचा पंजा उमटवणार आहेत, आशीर्वाद म्हणून. हे कुठून आणलंत म्हणून मी विचारलं. शकीब साहेबांनी मोठ्या कौतुकाने तुझं टिपण वाचून दाखवलं. ‘लढाईच्या वेळी बायका मेंदीचं भांडं घेऊन वाटेत उभ्या राहत.’ पुढे पूर्णविराम. समुद्रकाठच्या माणसाला मेंदी म्हणजे लग्नकार्य, त्याने आपलं गोड करून घेतलं. त्याला मी दोष देत नाही. उरलेलं अर्धं वाक्य तू गिळलंस.

आणि झऱ्यावर त्यांनी पाटी ठोकली आहे, ‘काइद बाहा झरा’. आपण साठ वर्षं ‘हेन्नूचं पाणी’ म्हणतो ते कोणाला ठाऊक? मुलूदची माणसं म्हणतात पाटी शूटिंगनंतरही राहील. त्याला बाटलीतल्या पाण्याचा कारखाना काढायचा आहे. सगळ्या देशाने सिनेमात बघितलं की झरा आजोबांचा, मग कचेरीत कोण विचारतंय? कळलं ना खुर्ची कोणाची आहे? प्रबंध लिहायची गरजच नव्हती, इथे येऊन पाटी वाचली असतीस तरी कळलं असतं.

मी बायकांना सांगणार आहे, कोणी त्या प्रसंगाला जायचं नाही.

सोबत पुडी आहे. आपल्याच झाडाची मेंदी. कशासाठी पाठवली ते तुला समजेल, तुला अख्खी रीत माहीत आहे.

तूदा

*

रबात, ३ मे १९९४

तूदा,

पाकीट नादियाने उघडलं. मेंदी बघून खूश झाली, म्हणाली तूदाने मुलीसाठी पाठवली वाटतं. मी काय सांगणार होतो तिला?

हो, अर्धं लिहिलं. पूर्ण वाक्य लिहिलं असतं तर काय झालं असतं ते ऐक. मुलूदने ते वाचलं असतं, सिनेमा थांबला असता, आणि मला खात्यातून बोलावणं आलं असतं. ‘साहेब, तुमचं ते जुनं प्रकरण...’ एवढ्यावर मी लिहिलेलं खोडतो. तू तुरुंग बाहेरून बघितलास, मावशीबरोबर फाटकापाशी डबा घेऊन उभी राहून. मी आतून बघितला. तिथून आल्यावर माणूस अर्धीच वाक्यं लिहितो. वर्गात मी सत्ता आणि विचारसरणी शिकवतो, आणि खिडकीपाशी बसलेली पोरं नवीन, म्हणजे खबरी, आहेत का ते बघून शिकवतो.

तू शाळेत राहिलीस, गावात राहिलीस, तुझा हात स्वच्छ राहिला. तुझ्यावर कोणी काही लिहायची वेळ आणली नाही. म्हणून तुला पुड्या पाठवता येतात.

हेन्नूचं नाव मी टिपणात मुद्दाम घातलं होतं. ते कुठेतरी उरावं म्हणून. त्याचं असं करतील हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.

हद्दू

*

आयत उझरू, २१ मे १९९४

हद्दू,

तू जे आतून बघितलंस त्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले नाही, आताही बोलणार नाही. फाटकापाशी डबा घेऊन उभी राहणारी बाई मात्र तुझी मावशी होती, आणि तिच्या बहिणीबद्दल मी बोलतेय.

काय घडलं ते लिहिते.

बायकांना मी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्या हो म्हणाल्या. हे आईला कळलं. तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘ते त्याच्या पाठीवर मेंदी लावणार आहेत?’ मी म्हटलं, हो. ‘आणि ते सगळीकडे दाखवणार आहेत?’ मी म्हटलं, सगळ्या देशात. आईने डोक्यावरचा रुमाल नीट बांधला. मग म्हणाली, ‘मग तू अडवतेस कशाला, बाई? लावू दे की. मी लावते.’

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पडला तेव्हा मी हसले नाही, हद्दू, माझ्या अंगावर काटा आला.

शकीब साहेबांना आई फार आवडली. सुरकुत्या, गोंदण, थरथरते हात, त्यांना पाहिजे तसं सगळं. आईने मेंदी स्वतः भिजवली, कपडेपटाने आणलेला लाल रंग नको म्हणाली. तो नट बिचारा भला मुलगा आहे, वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं त्याने. बायका दोन रांगांत उभ्या राहिल्या. त्यांनी जुनंच गाणं म्हटलं, पळपुट्यांना म्हणतात ते, आपल्या भाषेत. शकीब साहेबांनी अर्थ विचारला तर त्यांच्यातली फाद्मा म्हणाली, आशीर्वाद आहे. आईने भांडं डाव्या हातात घेतलं, आणि उजव्या हाताचा पंजा, आजीसारखा, त्याच्या पाठीवर मधोमध दाबला. दाबून धरला. मी बाजूला होते. तिचे ओठ हलत होते, ती हेन्नूचं नाव घेत होती.

शकीब साहेबांचे डोळे भरून आले. असं खरं कधी मिळालं नव्हतं म्हणाले.

आता आपल्या सगळ्या डोंगराला कळेल आणि त्यांच्यातल्या एकालाही कळणार नाही. त्या शहरात हे वाचू शकणारा माणूस एकच आहे, त्यांचा इतिहास सल्लागार. तू जाऊन सांगू शकतोस. सांगितलंस तर बढतीचा कागद चटकन सुटेल.

बघू.

तूदा

*

रबात, २ जून १९९४

तूदा,

पत्र मिळालं, जाळलं. यापुढे असलं काही लिहू नकोस.

शकीब साहेबांचा फोन आला होता. डगल्याबद्दल विचारत होते. मी त्यांना खरं ते सांगितलं.

मावशीला सलाम.

हद्दू

*

आयत उझरू, १५ जून १९९४

हद्दू,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. त्यानंतर दोन दिवसांनी कपडेपटाचा माणूस जीप घेऊन आला आणि तो डगला कागदात गुंडाळून कॅसाब्लांकाला घेऊन गेला. शकीब साहेबांनी गावातलं शूटिंग आठवडाभर थांबवलं. कारण कोणी सांगत नाही.

कारण मला माहीत आहे. तू खरं सांगितलंस. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं वाक्य बोललास आणि ते त्यांच्या कानात बोललास.

आईला मी सांगितलं नाही. ती रोज विचारते, कधी दाखवणार. तिने टीव्हीसाठी शेजारच्या मोहाकडे त्याच्या ट्रकची बॅटरी आतापासून सांगून ठेवली आहे.

बाहा निदान रात्री गेला होता, तोंड झाकून. तू फोनवर, खुर्चीत बसून, चहा पीत. वाट तीच, झऱ्याची. मला आता पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर मी न फोडता चुलीत घालीन.

तूदा

*

रबात, ७ नोव्हेंबर १९९४

तूदा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय आणि त्याला सांगितलंय की इज्जामावशीच्या हातात दे, तूदाच्या नको. म्हणजे चुलीत जाणार नाही. माझी पत्रं फोडली जातात, जूनमध्येही फोडली जात होती. म्हणून चार ओळी.

शकीब साहेबांनी फोनवर काय विचारलं ते ऐक. मेंदीच्या प्रसंगानंतर सिनेमात बाहा जवळजवळ तासभर आहे, आणि तोच पांढरा डगला घालून आहे. शूटिंग मागेपुढे झालं तरी एका प्रसंगातला डाग पुढच्या प्रसंगात तसाच दिसायला हवा, त्याला ते कंटिन्युइटी म्हणतात. त्यांना प्रश्न पडला होता की हा पंजा नंतर ठेवायचा की धुतला गेला असं समजायचं. ‘डॉक्टर, तुमच्याकडे कसं असतं?’

तूदा, त्या क्षणी मला पूर्ण कळलं होतं. अर्धं वाक्य आणि उरलेलं अर्धं, दोन्ही माझ्या तोंडात होती. मी म्हटलं, ‘मेंदी धुतली तरी जात नाही. आमच्याकडे ती माणसाच्या पाठीवर जन्मभर राहते. ठेवा.’

यातला एक शब्द खोटा नाही. ते खूश झाले. तो डगला घेऊन गेले ते त्याच्यासारखेच आणखी डगले शिवायला, घोड्यावरचा एक, पावसातला एक, तहाच्या प्रसंगाचा एक. प्रत्येकावर मावशीचा पंजा छापून घेतला, बोटांच्या रेघांसकट. शूटिंग थांबलं ते एवढ्यासाठी.

परवा इथे पहिला खेळ झाला. मंत्री, अधिकारी, फुलं. मी चौथ्या रांगेत होतो. मावशी पडद्यावर आली, भिंतीएवढी. तिने हात दाबला तेव्हा टाळ्या पडल्या. मुलूद उठून वाजवत होता. त्याच्या शेजारी त्याची आई होती, आपल्याच डोंगरातली, बाहाची सून. तिने पदर तोंडात धरला आणि उठून बाहेर गेली. मुलूदला वाटलं, सासऱ्याच्या आठवणीने भरून आलं.

घरी गेल्यावर त्याला कळलं.

काल त्याने शकीबला आणि मला बोलावलं. तो प्रसंग कापा म्हणाला. शकीब म्हणाला, प्रसंग कापता येईल, पण डाग पुढे प्रत्येक ठिकाणी आहे, नमाज पढताना, घोड्यावर, तहावर सही करताना पाठमोरा. डाग काढायचा तर अर्धा सिनेमा काढावा लागेल, आणि अठरा तारखेला, स्वातंत्र्यदिनी, तो टीव्हीवर लागायचा आहे, पेपरात छापून आलंय, वरच्या लोकांनी बघून पसंत केलाय. शकीबला अजून कळत नव्हतं की या चांगल्या माणसाला मेंदीचं एवढं काय वावडं. त्याने तीनतीनदा विचारलं, ‘पण का?’ आणि मुलूदला ते सांगता येईना. वरच्यांना सांगून सिनेमा थांबवायचा तर त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल की या डोंगरात पाठीवरच्या मेंदीचा अर्थ काय, आणि ती आजोबांना का लागली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, पण बघितलं.

आज सकाळी विद्यापीठाने मला घरी बसायला सांगितलं. कारण दिलेलं नाही.

तू मला बाहाच्या पंगतीत बसवलंस. ते मी विसरणार नाही. जूनपासून या घरात माझ्याशी न भांडणारी एक गोष्ट नव्हती, आणि त्यातलं सगळ्यात वाईट तुझं पत्र होतं.

हद्दू

*

आयत उझरू, २७ नोव्हेंबर १९९४

हद्दू,

आईने तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. दोनदा. मग म्हणाली, तुझ्या जुन्या पत्राबद्दल त्याची माफी माग. मागते. मी चुकले, आणि वाईट चुकले. बाहाच्या पंगतीत तू नाहीस.

पण राग गेलेला नाही, तेही सांगते.

अठराला आमच्याकडे सिनेमा बघितला. बॅटरीवरचा टीव्ही खिडकीत ठेवला, अंगणात गाव बसलं, खालच्या गावांतूनही माणसं चालत आली. हेन्नूचा प्रसंग आला तेव्हा आईने मान फिरवली. तो मी तुला कधी माफ करणार नाही, तो तुझ्या टिपणातून आला आहे. मग मेंदी आली. बायकांनी पडद्यावरच्या बायकांबरोबर गाणं म्हटलं. त्यानंतर तासभर तो मोठमोठी अरबी भाषणं ठोकत होता, देश, शौर्य, सुज्ञपणा, आणि दर वेळी पाठ वळली की अंगणात पुटपुट व्हायची. तहाच्या प्रसंगात तर कॅमेरा मागूनच आहे. फ्रेंच सेनापती समोर, आणि इकडे आईच्या हाताची पाच बोटं. पलीकडच्या खोऱ्यातून सोमवारच्या बाजाराला आलेली माणसं सांगतात, तिकडेही असंच झालं. आता बाजारात मुलूदला कोणी नावाने ओळखत नाही. पंजावाला म्हणतात.

बुधवारी तो आला. मोटार झऱ्यापाशी ठेवून चालत आला. आई उन्हात बदाम फोडत बसली होती. त्याने सलाम केला नाही. उभ्यानेच विचारलं, ‘म्हातारे, हे तुला कोणी शिकवलं? कोणाच्या सांगण्यावरून केलंस?’ तुझं नाव हवं होतं त्याला.

आईने हातातला दगड खाली ठेवला. ‘तुझ्या आजोबांच्या,’ ती म्हणाली. ‘पाठ त्यांनी दाखवली. माझ्या आईने नुसती मेंदी लावली, आणि मी भांडं धरलं. तेव्हा तू नव्हतास, म्हणून तुला परत करून दाखवलं.’

जाताना तो वळला तेव्हा अंगणातल्या सगळ्या बायका त्याच्या कोटाच्या पाठीकडे बघत होत्या. त्याला ते कळलं. पायवाटेवर तो काही अंतर तिरका चालत गेला.

एवढ्याने सगळं झालं असं समजू नकोस. पाटी आम्ही उपटली, पण मुलूदने झऱ्याभोवती घातलेलं कुंपण अजून आहे. कारखान्याचा अर्ज कचेरीत आहे आणि कचेरी बाजारात येत नाही, रबातला असते. तिथल्या साहेबांनी सिनेमा बघितला आणि झरा बाहाचा आहे एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. त्यांच्या लेखी बाहा अजून सिंहासारखा वीर आहे. म्हणून म्हणते, माझा राग गेलेला नाही. डोंगराला वाचता येईल असं आईने लिहिलं. रबातला वाचता येईल असं कोणी लिहायचं? ते काम तुझं होतं आणि अजून झालेलं नाही. तुझं अर्धं वाक्य त्या टिपणात अजून अर्धंच पडलं आहे. आता तुला घरी बसवलंय, वेळ आहे. पूर्ण कर. पळाला कोण, वाट दाखवली कोणी, पाण्याला गेलेल्या बायका कोण होत्या, नावांसकट. अरबीत लिही, फ्रेंचमध्ये लिही. खाली स्वतःचं नाव घाल. भीती वाटेल, वाटू दे. शर्ट भिजला तरी तू बघितलंस त्याच्याकडे, मग लिहूही शकशील.

नादियाला आणि मुलांना घेऊन ये. घर तुझंच आहे, आईने तुझं अंथरूण उन्हात टाकलं आहे.

ती मेंदीची पुडी तू टाकली नसशील, आणि ती सोबत आणू का असं विचारशील, हे आईला माहीत आहे. ती म्हणते, आणू नकोस. लिहायच्या टेबलावर ठेव. पुन्हा कोणीतरी टिपणं मागायला येईल.

तूदा